खुंटांच्या रानातील वाट

शास्त्रपाठ : लूक १३:६-९



अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानात, सेलम नगराच्या पूर्वेस, सिल्व्हर फॉल्स नावाचे वनोद्यान आहे. तेथे सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीची एक पायवाट रानातून फेरी घेऊन निघाल्या ठिकाणी परत येते व वाटेत दहा धबधबे दाखविते. त्यांतील दक्षिण धबधबा १७७ फूट उंचीवरून कोसळतो. त्याचा वरचा खडक कठीण, खालचा थर मऊ. तो मऊ थर झिजून मागे मोठी पोकळी झाली आहे, म्हणून वाटसरू पाण्याच्या पडद्यामागून पलीकडे जातो. ऑक्टोबर महिन्यात मॅपल वृक्षांची पाने पिवळी होतात, आणि ती शोभा पाहावयास दूरदूरचे लोक येतात.

परंतु १९२६ साली हेच रान राष्ट्रीय उद्यान होण्यास अयोग्य ठरले होते. कित्येक वर्षांच्या लाकूडतोडीने जिकडे तिकडे ओंगळ खुंट उरले होते. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याने ते पाहिले आणि नकार दिला.

त्या अधिकाऱ्याने खोटे सांगितले असे नव्हे. खुंट खरोखरच होते. पण धबधबेही तेथेच होते. त्याचा निकाल खोटा नव्हता, अपुरा होता.

आपल्या प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील धन्याचेही तसेच झाले. तीन वर्षे अंजिराला फळ नाही, ही गोष्ट खरी होती. म्हणून त्याने झाड तोडण्याची आज्ञा केली. तेव्हा माळ्याने काय केले? झाड चांगले आहे असा वाद त्याने घातला नाही. त्याने आणखी एक वर्ष मागितले, आणि भोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम आपल्या अंगावर घेतले. बंधूंनो, रदबदली करणाऱ्याच्या हाती कुदळ असावी लागते.

सिल्व्हर फॉल्सलाही असे माळी मिळाले. सिल्व्हर्टन गावचे छायाचित्रकार जून ड्रेक यांनी अनेक वर्षे त्या धबधब्यांची चित्रे काढून लोकांपुढे ठेविली व ते रान राखावे म्हणून खटपट केली. १९३३ साली संस्थानाचे उद्यान स्थापन झाले. त्या दशकात महामंदीमुळे बेकार झालेले तरुण सरकारी योजनेतून तेथे कामास आले. त्यांचे वेतन महिना सुमारे ३० डॉलर, आणि त्यांतील बहुतेक रक्कम घरी आईबापांस जात असे. ज्यांस कोठेही काम नव्हते, त्यांच्याच हातांनी त्या रानात वाटा व इमारती उभ्या राहिल्या. टाकाऊ ठरलेली भूमी आणि रिकामे हात यांची परमेश्वराने गाठ घातली.

त्या पिवळ्या पानांकडेही पाहा. तो पिवळा रंग शरदात नव्याने येत नाही. तो उन्हाळाभर पानातच असतो. हिरवा रंग ओसरला म्हणजे तो दिसू लागतो. देवाने घातलेले सर्वच आपल्या डोळ्यांस एका ऋतूत दिसते असे नाही.

आता आपल्या मंडळीकडे वळू या. दारूपायी ज्याचे शेत गहाण पडले, ज्याने उपासनेस येणे सोडले, असा एखादा भाऊ आपल्या गावात आहे. त्याच्याविषयी आपण जे बोलतो ते बहुधा खरेच असते. पण ते सांगून आपण मोकळे होतो, हेच आपले पाप. आपण त्याचे खुंट मोजले. त्याच्या भोवती कोणी खणले काय? त्याच्या ओट्यावर जाऊन कोणी बसले काय? त्याच्या मुलाला उपासनेत कोणी आपल्याजवळ जागा दिली काय?

हे काम एकदा करून संपत नाही. २०२० च्या सप्टेंबरात वणव्याने त्या उद्यानाचाही काही भाग जळाला. सावरलेला भाऊ पुन्हा घसरेल. तेव्हा पुन्हा खणावे लागेल. आपल्यासाठी आपल्या तारणाऱ्याने किती वेळा वर्ष वाढवून मागितले आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तो कुदळ खाली ठेवणार नाही.

येत्या प्रभुवारापूर्वी प्रत्येकाने अशा एका घरी जावे. दोष सांगण्यास नव्हे, कामास हात लावण्यास जावे. फळ देणारा देव आहे. आमेन.