छप्पर कोणी उकलावे?



गेल्या हिवाळ्यात एका नातलगाच्या लग्नानिमित्त उज्जैनला जाण्याचा योग आला. उज्जैन आपल्याला अगदीच परके नव्हे. राणोजी शिंद्यांच्या काळापासून तेथे मराठी माणूस नांदत आला आहे. १८१० साली शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी काही मराठी घराणी तेथेच राहिली. अशाच एका घरात माझ्या वडिलांचे जुने स्नेही राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी उभा जन्म शिक्षकी केली, आणि साठीच्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "चल, राम घाटावर जाऊन बसू."

राम घाट म्हणजे क्षिप्रेच्या काठचा पायऱ्यांचा प्रसिद्ध घाट. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थात, म्हणजे यापूर्वी २०१६ साली व आता २०२८ साली, येथे लाखो लोक स्नानाला उतरतात. पायऱ्या पाहून मी घाईने काकांचा दंड धरला. ते हसून म्हणाले, "तू मला धरू नकोस रे. मला तुझा हात धरू दे." मग माझ्या कोपराला हलकेच बोटे लावून ते माझ्यामागून सहज उतरू लागले. मला नवल वाटले. ते म्हणाले, "पायरी अंधाला अडवीत नाही. पायऱ्या एका मापाच्या असल्या म्हणजे दोन-तीन उतरताच पायाला हिशेब कळतो. दगा देते ती मध्येच वेगळ्या उंचीची आलेली पायरी." थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "अर्थात चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला सारखी पायरी काय कामाची? त्याला उतरणच हवी."

खाली बसल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखविण्याची सोय त्यात आहे, आणि काका तिच्यावर रोजचे वर्तमानपत्र ऐकतात. ते म्हणाले, "तुमच्या मंडळीचे मासिक पत्रक तू मला न चुकता पाठवतोस. माझा फोन ते कसे वाचतो ते एकदा ऐक." फोन म्हणाला, "पान एक." मग शांतता. "पान दोन." पुन्हा शांतता.

काका सावकाश म्हणाले, "पावसाळ्यात तुझी आई इस्पितळात होती. ते या पत्रकात छापले होते म्हणे. मला तीन आठवड्यांनी दुसऱ्याकडून कळले."

वाचकहो, मला काही उत्तर देता येईना. माझ्या आईच्या आजारात काकांचा एकही फोन आला नाही म्हणून मी मनातून त्यांच्यावर रुष्ट होतो. दोष त्यांचा नव्हता. छापील पत्रकाची छायाचित्रे काढून, ती एकत्र बांधून मी पाठवीत होतो. डोळस माणसाला त्यात अक्षरे दिसतात. यंत्राला तेथे नुसता काळा-पांढरा डाग असतो. मी दर महिन्याला एका अंध वृद्धाला बंद पाकीट धाडीत होतो, आणि पाठविले याचे समाधान मानीत होतो.

त्या रात्री मला कफर्णहूमचे ते घर आठवले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षघाती मनुष्याला घेऊन येतात, दाराशी गर्दी असल्यामुळे छप्पर उकलतात आणि त्याची बाज आत सोडतात. शब्बाथ शाळेत हा पाठ मी कितीतरी वेळा शिकविला असेल, आणि दर वेळी त्या चौघांच्या विश्वासाची थोरवी सांगितली असेल. ती थोरवी खरीच आहे. पण दाराशी दाटीने उभे असलेल्या लोकांविषयी मी मुलांना एकदाही प्रश्न विचारला नाही. ते दुष्ट नव्हते. वचन ऐकायलाच आले होते. तरी त्यांच्या पाठीच त्या मनुष्याची भिंत झाल्या. चार मित्र नसते तर? आणि ज्याला चार मित्र नाहीत, त्याने काय करावे?

आपल्यापुढचा नैतिक प्रश्न हाच आहे. दुर्बलाला आत घेणे हे दयेचे काम आहे, की त्याचे जे देणे लागतो ते देणे आहे? दया असेल तर ती आपल्या सवडीने केली तरी चालते. देणे असेल तर विलंब हाही अपराध ठरतो.

संगणकाच्या जाळ्यातील पानांविषयी हा प्रश्न नवा नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली या जाळ्याची कल्पना मांडली. त्याचे समाईक नियम ठरविण्यासाठी १९९४ साली डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था निघाली, आणि १९९७ साली तिने अपंगांना ही पाने सुगम व्हावीत म्हणून वेगळा उपक्रम सुरू केला. त्यातून १९९९ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली, २००८ साली दुसरी, आणि त्यांत २०१८ व २०२३ साली भर पडली. त्यांचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो. पानावरचे डोळ्याने, कानाने वा स्पर्शाने, कोणत्या तरी वाटेने जाणवले पाहिजे. ते हाताळता आले पाहिजे. ज्याला माउस धरता येत नाही त्यालाही नुसत्या कळफलकावर सर्व करता आले पाहिजे. ते समजले पाहिजे. आणि ते कोणत्याही यंत्रावर टिकले पाहिजे.

यात अवघड यंत्रविद्या थोडी आणि साधे सौजन्य पुष्कळ आहे. चित्र असेल तर त्यात काय आहे ते शब्दांत लिहावे. मथळा नुसता ठळक करू नये. तो मथळा आहे अशी यंत्राला कळणारी खूण करावी, म्हणजे ऐकणाऱ्याला मथळ्यावरून मथळ्यावर जाता येते. अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव असावे. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण नेहमीच्या अक्षरासाठी निदान साडेचारास एक असावे, म्हणजे मंद दृष्टीच्या माणसालाही वाचता येते. बोलपटाखाली बहिऱ्यांसाठी शब्द उमटावेत.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्वीच्या कित्येक फॉन्टांत दिसायला मराठी असते, पण आत संगणकाने रोमन अक्षरेच साठविलेली असतात. तो मजकूर वाचनयंत्राने उच्चारला तर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची माळ ऐकू येते. युनिकोडमध्ये 'क' हा सर्वत्र 'क'च राहतो. काकांच्या सारख्या मापाच्या पायऱ्या त्या ह्याच. आपल्या देशात ब्रेलच्याही एके काळी अनेक लिप्या होत्या. १९५१ साली भारती ब्रेल ही समाईक लिपी ठरली, तेव्हा एका प्रांतातील अंधाची खूण दुसऱ्या प्रांतातील अंधाच्या बोटाला ओळखीची झाली. समाईक माप ठरविणे हे काम रुक्ष दिसते, पण त्यावर पुष्कळांचे चालणे अवलंबून असते.

येथे दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, "आपल्यात असे लोक आहेत तरी किती?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत आज ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात अशा सर्व वृद्धांची भर घाला. हे उत्तर खरे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. कारण संख्या मोठी म्हणून दार उघडायचे असेल, तर संख्या लहान असल्यास ते लावून घेण्याची मुभा मिळते. नव्याण्णव मेंढरे ठेवून एकाच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा हिशेब असा नव्हता. माझ्या पत्रकाच्या वाचकांत अंध एकच होता. त्या एकाचे तीन आठवडे मी कोणत्या संख्येने भरून देणार?

दुसरा आक्षेप आपल्या मंडळ्यांत अधिक ऐकू येतो, आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. "प्रीती असली म्हणजे नियम कशाला? नियम पाळून माणूस नीतिमान ठरत नाही." यातील अर्धे सत्य मी मान्य करतो. नियमाची नुसती अक्षरे पाळणारेही आहेत. चित्राला शब्द हवेत असा नियम आहे म्हणून प्रत्येक चित्राखाली 'चित्र' एवढेच लिहून ठेवणारे संकेतस्थळ तपासणी करणाऱ्या यंत्राला फसवू शकते, अंधाला नाही.

पण उरलेले अर्धे पाहा. काकांवर माझी प्रीती नव्हती काय? होती, आणि तरी मी त्यांना डागांची पाने धाडली. ज्याला आपण ओळखतो, ज्याची अडचण समोर दिसते, त्याच्यासाठी प्रीती स्वतःच वाट काढते. पण ज्याला आपण पाहिलेले नाही, जो आपले पान कोठे तरी दूर एकटा उघडणार आहे, त्याच्यावर प्रीती कशी करावी? त्याची अडचण आधीच ध्यानात घेऊन ठरविलेले माप आपण पाळतो, तेव्हा आपण त्याच्यावरच प्रीती करीत असतो. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. ती आज्ञा कोणा ओळखीच्या आंधळ्यापुरती नाही. त्या वाटेने जो कोणी येईल त्याच्यासाठी आहे.

आपल्या देशाचा कायदाही आता याला दया म्हणत नाही. केंद्र सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती सुगम असणे हा हक्क मानला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगमतेची मानके नुसत्या शिफारशींच्या रूपाने ठेवणे अधिनियमाशी विसंगत आहे. सक्तीचे किमान नियम ठरविले पाहिजेत. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात निकाल आला. बँकेत ओळख पटविताना यंत्र डोळे मिचकावण्यास सांगे. ॲसिडहल्ल्यात ज्यांचे डोळे व चेहरा भाजला त्यांनी ते कसे करावे? न्यायालयाने २० निर्देश दिले, आणि अशा सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. जिवंत माणसाने पापणी हलली नाही म्हणून जिवंत ठरू नये, याहून मोठा अन्याय तो कोणता?

आणि आपण तर या कामी मागे राहण्याचे लोक नव्हे. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांची शाळा काढली. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांना आसरा दिला, आणि तेथे त्यांना बोटांनी वाचावयास शिकविले जाई. त्याच रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत पवित्र शास्त्र उतरविले. ते १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. पंडिता म्हणून गौरविलेल्या या बाईने विद्वत्तेची भाषा बाजूस ठेवून साध्या बायकांना कळेल अशी मराठी निवडली. "समजले पाहिजे" हा नियम कोणी लिहिण्यापूर्वी त्यांनी तो पाळला होता.

तेव्हा शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना व मंडळीच्या पंचांना माझी विनंती आहे. पत्रक छायाचित्राने पाठवू नका. मजकूर युनिकोडमध्ये टंकून तोच पाठवा. फोन आता चित्रातूनही अक्षरे ओळखू लागले आहेत हे खरे, पण मराठी जोडाक्षरांत ते चुकतात, आणि आपल्या आळसाचा भार यंत्राच्या तर्कावर का टाकावा? उपासनेच्या सूचनांचे रंगीत फलक करावेसे वाटले तर करा, पण वेळ, ठिकाण व नावे खाली अक्षरांतही लिहा. संकेतस्थळ असेल तर एकदा माउस बाजूस ठेवून केवळ कळफलकाने ते चालवून पाहा. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए हा वाचनाचा प्रोग्राम फुकट मिळतो. तो लावून डोळे मिटून आपलेच पान पाच मिनिटे ऐका. आणि शेवटी, आपल्या मंडळीत जो अंध, बहिरा वा थकलेला असेल त्याला विचारा. माझ्याकडून हेच राहिले होते. काकांना पत्रक पोचते का, हे मी कित्येक वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

घरी परतल्यावर पुढच्या महिन्याचे पत्रक मी स्वतः बसून टंकले. त्याला चार रात्री लागल्या. पाठविल्यावर तासाभरात काकांचा फोन आला. म्हणाले, "तिसऱ्या पानावर दोन चुका आहेत. शिक्षकाला वाचायला दिलेस, आता ऐकून घे." त्यांनी त्या सांगितल्या; मी दुरुस्त केल्या. मग ते म्हणाले, "आता आईला फोन दे." त्या दिवशी ती दोघे पुष्कळ वेळ बोलत होती.