निम्मं-निम्मं

गगनबावड्याच्या अंगाला, घाटमाथ्यावरच्या एका वाडीत दोन चुलतभाऊ होते. थोरला पुण्याला नोकरीला, धाकटा घरची म्हसरं आणि भाताची खाचरं बघायला. जमिनीची वाटणी कधीच झाली होती. सामाईक राहिली होती ती फक्त आजोबांची जीप.

महिंद्राची सीजे ३बी. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. आतलं इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच, त्यामुळे लांबूनही ओळखू यायची. तीन गिअर, आणि गिअरच्या शेजारी आणखी दोन दांडे. एका दांड्यानं पुढची चाकं इंजिनाला जोडायची, दुसऱ्यानं लो गिअर टाकायचा. स्टिअरिंग हातानं ओढायचं, ब्रेक चारी चाकांना ड्रमचे.

वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट पावसाळ्यात म्हणजे तांबड्या मातीचा नुसता राडा. मध्ये एक ओढा, ओढ्यापलीकडे उभा चढ. वाडीतल्या सगळ्या घरांचं दूध सकाळी या जीपमधून डेअरीला जायचं. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, तरी हीच गाडी निघायची. तिच्या टायरांचा विषय म्हणूनच नुसत्या हौसेचा नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात चारी टायरांच्या बगलांना भेगा पडल्या. नक्षी तर कधीच गुळगुळीत झाली होती.

थोरल्यानं पुण्याहून फोटो पाठवला. ३१ इंच उंच, साडेदहा इंच रुंद टायर आणि १५ इंची रुंद रिमा. मूळचा टायर होता ६.०० बाय १६, म्हणजे रुंदी सहा इंच, आत सोळा इंची रिम आणि उंची जेमतेम साडेअठ्ठावीस. "दादा, एवढे मोठे कशाला?" धाकट्यानं विचारलं. थोरल्याकडे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. ओढ्याच्या मधोमध एक धोंडा होता, आणि भरल्या गाडीचं मागचं डिफरन्शियल दर खेपेला त्याच्यावर घासायचं. मोठ्या टायरानं गाडी उचलली जाईल, घासणं थांबेल, असं त्याचं म्हणणं.

धाकट्याचं म्हणणं याहून सोपं होतं. आजोबांनी जे घातलं तेच घालायचं. एका भंगारवाल्याकडे त्याच मापाचे चार टायर स्वस्तात होते, नक्षीही बरी होती.

वाद आठवडाभर चालला. फोनवर आवाज चढले. आज्जीला हे बघवेना. ज्या घरात जमिनीच्या बांधावरून कधी भांडण झालं नाही, तिथं रबरावरून व्हावं? तिनं दोघांनाही आपल्या पद्धतीनं समजावलं. "निम्मं तुझं, निम्मं त्येचं. मागं थोरल्याचं मोठं चाक बसवा, पुढं हायती ती असूद्यात. फुडल्या साली बघू." खर्च निम्मा झाला, मानही दोघांचा राहिला. तालुक्याच्या गावी एका दुकानात दोन मोठी चाकं मागे चढली. त्या दिवशी घरात खीर झाली.

गाडीला मात्र कुणी काही विचारलं नाही. मला वाटतं, माणसांमधला तंटा मिटला की आपल्याला प्रश्नच सुटल्यासारखा वाटतो, आणि नेमक्या त्याच घटकेला आपण प्रश्नाकडे बघायचं सोडून देतो.

सुरुवातीला सगळं छान चाललं. डांबरी रस्त्यावर पुढची चाकं सोडलेलीच असत, मागचीच गाडी ढकलत. गाडी थोडी नाकावर वाकल्यासारखी दिसे, आणि काटा ५० दाखवी तेव्हा ती खरी ५४ नं पळत असे. धोंड्यावर घासणंही कमी झालं. थोरल्याला धाकट्यानं फोन करून तसं मोकळेपणानं सांगितलंही.

मग मृगाचा पाऊस लागला.

दुधाच्या किटल्या भरून धाकटा निघाला. ओढ्याच्या अलीकडे त्यानं नेहमीसारखा पुढच्या चाकांचा दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि राड्यातून चढ चढला. वर डांबर लागल्यावर दांडा सोडवायला गेला, तर सुटेना. एरवी जरा मागं-पुढं केलं की सुटायचा. आज दोन्ही हातांनी ओढला तरी जागचा हलला नाही. स्टिअरिंग दगडासारखं झालं होतं, खालून कण्हल्यासारखा आवाज येत होता. डेअरीचा काटा बंद व्हायची वेळ झाली होती. एवढं तर जाऊ, असं म्हणत तो तसाच निघाला. वळणावर खालून बार उडाल्यासारखा आवाज झाला. पुढच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला होता आणि सुटलेला शाफ्ट रस्त्यावर आपटत होता. ब्रेक लागले म्हणून गाडी कठड्याच्या आत राहिली. माणूस वाचला. दूध डेअरीला पोचलं नाही, आणि त्या दिवशी वाडीतल्या एकाही घराच्या नावापुढं लिटर चढलं नाही.

ट्रॅक्टरनं टोचन करून जीप बाजारगावच्या मिस्त्रीकडे आणली. हा म्हातारा उमेदीत कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर शिकला होता. शाफ्ट बघितला, टायर बघितले, आणि तुटलेला क्रॉस तळहातावर घेऊन तो काही न बोलता उभा राहिला. थोरला रात्रीच्या एसटीनं आला. आज्जीही हट्टानं आली होती.

मिस्त्रीनं खडू घेतला. पुढच्या टायरावर एक खूण केली, बरोबर तिच्याखाली गॅरेजच्या फरशीवर दुसरी. पोरांना गाडी ढकलायला लावली. टायरावरची खूण पुन्हा खाली आली तिथं तिसरी खूण. टेप लावला, सात फूट पाच इंच. मग हेच मागच्या चाकाला केलं. आठ फूट एक इंच.

"किती फरक?"

"आठ इंच," थोरला म्हणाला.

"एका फेऱ्याला जवळपास एक वीत. आता एक किलोमीटर चला. मागचं चाक चारशे सहा फेरे घेईल, पुढच्याला चारशे बेचाळीस लागतील. पण तुम्ही दांडा ओढला की पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकाच गतीनं फिरतो. मग छत्तीस फेरे कुठं जायाचं?"

कुणी बोललं नाही.

"राड्यात चाक घसरतं, तिथं हा फरक मातीत जिरतो. म्हणून चढ चढला तवा काय कळलं न्हाई. डांबर काय घसरू देत न्हाई. मग ताण सगळा आत साठत जातो. दांडा त्यानंच आवळला. शेवटी जे कमजोर हाय ते तुटतं. आज क्रॉस तुटला. दांड्याखालच्या ट्रान्सफर केसचं दात गेलं असतं तर हंगामभर गाडी हितंच."

आज्जी खाली वाकून खडूच्या खुणा बघत होती. "म्हंजी येक खोंड आन् येक थोराड बैल, आन् जू येकच," ती म्हणाली. "ह्ये तर मला कळाय पायजे हुतं."

"आज्जी, तुमचा न्याय पोरांसाठी बरोबरच होता," मिस्त्री म्हणाला. तो हे तिचं मन राखायला म्हणाला नाही. घरात तंटा मिटवणं हे काम हलकं नव्हेच. फक्त तो न्याय गाडीच्या आसाला लागू पडत नव्हता.

थोरला लगेच म्हणाला, "मग चारी मोठेच घालू. मी देतो पैसे."

मिस्त्री हसला नाही, नको असंही म्हणाला नाही. त्यानं मागची मोठी चाकं काढून पुढं चढवली आणि धाकट्याला स्टिअरिंगवर बसवलं. "पूर्ण उजवीकडं वळीव." चाक वळलं, आणि शेवटाच्या बरंच आधी टायराची आतली कड पाट्यांच्या स्प्रिंगला जाऊन टेकली. "आता हे टेकू द्यायचं नसंल तर वळणच कमी करावं लागणार. मग तुमच्या वाटंवरच्या वळणाला दोनदा मागं-पुढं करायचं, खाली दरी, मागं दुधाच्या किटल्या." त्यानं थोरल्यालाही बसवलं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवता फिरवता त्याच्या दंडाच्या शिरा उभ्या राहिल्या.

"आतली कड टेकते म्हणून बाहेर निघणारी रिम घातली, तर चाक अंगापासून लांब जातं. मग हबच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर भार वाढतो. आणि आता गिअरचं बघा. या गाडीच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८. मोठ्या चाकानं ते ४.९५ असल्यासारखं होतं. म्हंजी चढाला प्रत्येक गिअर थोडा लांब पडणार, क्लच जळणार. चाक जड आणि उंच, ब्रेकचं ड्रम मात्र आजोबांच्या वेळचंच. उतारावर भरली गाडी थांबवायला पाय जास्त जोरात दाबावा लागणार."

थोरला ऐकत होता. त्याला हे पटत होतं, पण एक गोष्ट अजून अडून बसली होती. "मिस्त्री, चिखलात रुंद टायर बरा नव्हे का?"

"वाळूत बरा. मालवणच्या किनाऱ्यावर गाडी घालणार असाल तर हवा कमी करून रुंद टायर वर तरंगतो. आपल्याकडं राडा वरवरचा, खाली जांभा. अरुंद टायर चिखल कापत जांभ्याला जाऊन धरतो. रुंद टायर वरच लोळतो."

इथं मला कायद्याचंही एक सांगावंसं वाटतं, कारण ते बहुतेक जण हसण्यावारी नेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. रस्त्यावर काही घडलं आणि विम्याचा माणूस टेप घेऊन आला, तर अशा गोष्टी महागात पडतात.

धाकट्याला बरं वाटू लागलं होतं. आपलंच खरं होतं की! तो भंगारवाल्याचे टायर घेऊन यायचं बोलू लागला. एक नमुना त्यानं आणलाही होता. मिस्त्रीनं टायराच्या बगलेवरची माती अंगठ्यानं पुसली. चार आकडे दिसले, २३११.

"वाच."

"तेवीसशे अकरा."

"तेवीस म्हंजी वर्षातला तेविसावा आठवडा. अकरा म्हंजी साल २०११. नक्षी हाय, पण रबर मेलंय. बोटानं दाब, लाकूड लागतंय का न्हाई बघ. आणि तू हेच माप का म्हणत होतास?"

"आजोबांनी घातलं म्हणून."

"आजोबांनी का घातलं, ते विचारलंस?"

धाकटा गप्प झाला. माप त्याचं बरोबर निघालं होतं, पण ते त्याला कळून निघालं नव्हतं. उद्या वाट बदलली, भार बदलला, तर ज्याला कारण माहीत नाही तो चुकणारच. मिस्त्रीनं दोघांनाही एकाच फळीवर बसवलं ते मला फार योग्य वाटतं.

"आता धोंड्याचं बोला," मिस्त्री म्हणाला. "मोठ्या चाकानं मागचा आस किती उचलला? उंचीत अडीच इंच फरक, आसाला त्याच्या निम्मा. सव्वा इंच. सव्वा इंचासाठी स्टिअरिंग, ब्रेक, गिअर, सगळ्यांना त्रास. धोंडा केवढा हाय?"

थोरल्यानं हातानं माप दाखवलं. डालग्याएवढा.

"घरात पहार हाय?"

रविवारी पाणी ओसरल्यावर दोघे भाऊ ओढ्यात उतरले. वाडीतली पोरंही आली. पहार, दोर आणि दुपारपर्यंतचा वेळ लागला. निघालेल्या खड्ड्यात त्यांनी बारका दगड भरला, वर मोठे चपटे दगड बसवले. त्या ओढ्यातून इतकी वर्षं गाडी जात होती, आणि वाट बदलता येते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

टायर आले ते पाच. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, ६.०० बाय १६, राड्याला चालणाऱ्या जाड नक्षीचे. पाचवा स्टेपनीसाठी, कारण वेगळ्या मापाची स्टेपनी घाटात लागली तर पुन्हा तोच घोटाळा. ट्यूबा नव्या. हवा फार उतरवायची नाही असं मिस्त्रीनं बजावलं. हवा कमी झाली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

राहिले ते दोन मोठे टायर, रिमांसकट. थोरल्याचे पैसे त्यात अडकले होते. त्यानं विकायला काढल्यावर घाटाखालून, किनाऱ्याकडून एक जण आला. त्याची एमएम ५४० जीप होती. माल बघितला, भाव पटला, पैसे मोजायला लागला.

थोरल्यानं विचारलं, "चारी चाकांना जोर आहे का तुमच्या गाडीला?"

"आहे की."

"मग दोनच का घेताय?"

"मागं घालतो. पुढचे चांगले आहेत अजून."

थोरल्यानं हात मागं घेतला. "मग नाही देता येणार. ह्याच मापाचे आणखी दोन कुठं मिळाले तर मला फोन करा, हे दोन मी तुमच्यासाठी राखून ठेवतो. पण त्याआधी तुमच्या मिस्त्रीकडून पुढचं चाक पूर्ण वळवून बघा, पाट्याला टेकतंय का."

"अहो, पैसे मी देतोय. तुमचं काय जातंय?"

"या, आधी खडूनं मापून दाखवतो," थोरला म्हणाला आणि खडू आणायला घरात गेला.