पात्रता आणि प्रवेश

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या मंदिरात येणाऱ्या मंडळींत एक निराळीच लगबग दिसू लागते. एरवी एकादशीस अगर चतुर्थीस येणारे गृहस्थ या दिवसांत नित्य दर्शनास येतात. नारळासोबत मुलाच्या परीक्षेचे प्रवेशपत्र देवापुढे ठेवणाऱ्या माता दिसतात. तंत्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल याच सुमारास लागतो. मग काही घरचे नवस थाटाने फेडले जातात, आणि काही घरची माणसे पुष्कळ दिवस मंदिराकडे फिरकत नाहीत.

गेल्या वर्षी अशाच एका सायंकाळी, आरती आटोपल्यावर, सभामंडपात एका वृद्ध बाईंनी आम्हांस थांबवून विचारले, "अहो, शेजारच्यांच्या मुलाचा नवस देवाने ऐकला, आमच्या नातवाचा ऐकला नाही. दोघे एकाच बाकावर बसून शिकले. आमचाही रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागत होता. मग आमचे चुकले कोठे?" त्या वेळी आम्हांस नीटसे उत्तर देता आले नाही. 'पुढे चांगलेच होईल' असे काहीतरी बोलून आम्ही वेळ निभावून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. पुढील विवेचन हे त्याचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ज्यांस सर्व जण आय. आय. टी. म्हणून ओळखतात, त्या भारतीय तंत्रज्ञान संस्थांपैकी पहिली १९५१ साली खरगपूर येथे निघाली व दुसरी १९५८ साली मुंबईस. पुढे कित्येक वर्षे त्या पाचच होत्या. आज त्यांची संख्या २३ आहे. हैदराबादची संस्था २००८ साली, आमच्या इंदुरची २००९ साली, आणि गोवा व धारवाड येथील २०१६ साली सुरू झाल्या. म्हणजे जेथे जेथे आपली मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, त्यांतील कित्येक ठिकाणी आता ही संस्था दाराशी आली आहे. दार जवळ आले खरे, परंतु ते रुंद झाले असे मात्र नाही. २०२४ साली पहिल्या पायरीच्या परीक्षेस १४ लाखांहून अधिक मुले बसली. त्यांतून निवडलेल्यांपैकी सुमारे १ लाख ८० हजार मुलांनी दुसरी, अधिक कठीण परीक्षा दिली. तीत ४८,२४८ मुले पात्र ठरली. आणि सर्व संस्थांतील जागा मिळून होत्या १७,७४०.

वाचकांनी या शेवटच्या दोन आकड्यांवर क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. ज्या मुलांस खुद्द परीक्षेनेच 'पात्र' म्हटले, त्यांपैकी ३० हजारांहून अधिक मुलांसाठी त्या वर्षी जागाच नव्हती. ही मुले नापास झालेली नव्हेत. परीक्षेने त्यांस होय म्हटले, आणि बाकांच्या संख्येने नाही म्हटले. पात्रता ही एक गोष्ट आहे व प्रवेश ही दुसरी. या दोहोंची गल्लत आपण घरोघर करतो, आणि त्या गल्लतीचे दुःख सतरा वर्षांच्या मुलांच्या वाट्यास येते.

पहिल्या परीक्षेपासून मोजले तर सुमारे ऐंशी मुलांमागे एक जागा पडते. हे प्रमाण ऐकून काही पालकांची छाती दडपते, तर काहींस वाटते की आपला मुलगा तो एक असणारच. आमच्या मते दोघेही चुकतात. ऐंशी चिठ्ठ्या घागरीत घालून त्यांतून एक काढावी, असा हा प्रकार नव्हे. ज्याचे गणित पक्के आहे व अभ्यास मनापासून झाला आहे, त्याची शक्यता या प्रमाणाहून पुष्कळ अधिक असते. ज्याने केवळ वडिलांच्या आग्रहाखातर अर्ज भरला, त्याची जवळजवळ नसतेच. आकडा समुदायाविषयी बोलतो, एकट्या मुलाविषयी तो मुका असतो. परंतु शाळेत सदैव पहिला येणाऱ्या मुलाविषयी 'याचे झालेच म्हणून समजा' असे म्हणणेही तितकेच धाडसाचे आहे. कारण तेथे गावोगावचे पहिलेच एकत्र जमलेले असतात.

शिवाय त्या परीक्षेचे स्वरूप पाहावे. एकाच दिवशी तीन तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका, चुकीच्या उत्तरास वजा होणारे गुण, आणि लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच संधी. यादीत शेवटी आत गेलेला मुलगा आणि बाहेर राहिलेला पहिला मुलगा यांच्यात कधी एखाद्याच गुणाचे अंतर असते, आणि कधी तेवढेही नसते. एकूण गुण सारखे भरले तर ज्याचे वजा न होता मिळालेले गुण अधिक, तो वर. तेही सारखे असल्यास गणिताचे पाहावयाचे, नंतर पदार्थविज्ञानाचे. आणि इतके करूनही निवाडा न झाल्यास दोघांस एकच क्रमांक द्यावयाचा, असा नियम आहे. इतक्या बारीक चाळणीने गाळूनही चाळणीच्या अलीकडचा दाणा सकस व पलीकडचा पोचट, असे कोण म्हणेल? आदल्या रात्री झोप न लागणे, सरावातला एखादा प्रश्न नेमका समोर येणे, घाईत एक चिन्ह चुकणे, अशा क्षुल्लक गोष्टी त्या सीमेवर मोठ्या होतात.

म्हणून परीक्षाच अन्यायाची आहे, असे आमचे म्हणणे नाही. ती कोणाचे आडनाव विचारीत नाही, वशिला ओळखीत नाही, आणि कारकुनाच्या मुलास व कारखानदाराच्या मुलास एकच प्रश्नपत्रिका देते. एवढा सचोटीचा व्यवहार आपल्या समाजात फार ठिकाणी आढळत नाही. परंतु ती जे मोजते तेवढेच मोजते. एकाने निवांत खोलीत, महागड्या शिकवणीच्या वर्गांचा आधार घेऊन अभ्यास केला, आणि दुसऱ्याने दोन खोल्यांच्या घरात आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसून केला, हे उत्तरपत्रिकेवर उमटत नाही.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असेही नाही. आमच्या सभासदांपैकी काहींची नातवंडे अमेरिकेत शिकतात, आणि तेथील आजी-आजोबाही याच दिव्यातून जातात. २०२४ सालच्या प्रवेशासाठी हार्वर्ड विद्यापीठाकडे ५४,००८ अर्ज आले व त्यांतून १,९३७ निवडले गेले. म्हणजे शंभरांतून चारांसही जागा मिळाली नाही. तेथे एकाच परीक्षेवर निवड होत नाही. शाळेतील गुण, शिक्षकांची पत्रे, विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध, खेळ, समाजकार्य असे पुष्कळ काही पाहून समिती ठरविते. परंतु पद्धत बदलली तरी सीमेवरचा संशय फिटत नाही. त्याच विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांनी २०२० सालच्या आपल्या ग्रंथात अशी सूचना केली आहे की, जे खरोखर पात्र नाहीत त्यांस प्रथम वगळावे आणि उरलेल्यांतून सरळ सोडत काढावी. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागा कित्येक वर्षे अशा सोडतीच्या पद्धतीने दिल्याही जात होत्या. ही सूचना जशीच्या तशी स्वीकारावी असे आम्हांस वाटत नाही. परंतु तिच्यामागील विचार प्रामाणिक आहे. निवडीत दैवाचा वाटा असतोच. सोडत तो उघडपणे कबूल करते, आणि गुणवत्ता यादी तो झाकून ठेवते.

हा विचार आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव. जो केवळ स्वतःसच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी, असेही तेथेच पुढे म्हटले आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत अधिष्ठान म्हणजे त्याचा देह व, आम्ही म्हणू, त्याचे घरही; साधने म्हणजे ग्रंथ व गुरू; चेष्टा म्हणजे त्याचे जागरण. कर्ता हा पाचांतील एक. आपण मात्र निकालाच्या दिवशी पाचही कारणे त्या एकाच्या माथी मारतो. यश आले तर 'पोरगा हुशार', न आले तर 'पोरगा कमी पडला'. दोन्ही वाक्ये अपुरी आहेत, आणि दुसरे अपुरे असून क्रूरही आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दैवाची भाषा मुलांच्या कानी पडली तर ती अभ्यास कशाला करतील? त्याचे उत्तर शेतकरी देतो. पाऊस आपल्या हाती नाही हे त्याच्याइतके कोणास ठाऊक? तरी मृगापूर्वी त्याची नांगरट झालेली असते. उलट ज्याने नांगरलेच नाही त्यास पावसाला दोष देण्याचा अधिकार राहत नाही. गीतेने दैव पाचवे म्हणून सांगितले, एकमेव म्हणून नव्हे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबास ही जागा मिरविण्याची वस्तू नसते. तीन पिढ्यांच्या ओढाताणीतून वर येण्याची ती शिडी असते, मग तिची तळमळ का नसावी? तळमळ जरूर असावी. आम्ही तिला हसत नाही. आमच्याही घरांतून ती होती व आहे. परंतु शिडी मुलासाठी असते, मूल शिडीसाठी नसते. २०२३ च्या ऑगस्टात राजस्थानातील कोटा येथे विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्हा प्रशासनास शिकवणीच्या वर्गांतील चाचण्या दोन महिने थांबविण्याचा आदेश काढावा लागला. ती मुले आपल्यासारख्याच घरांतून आलेली होती. त्यांच्याही नावाने कोठेतरी एखादा नवस बोललेला असेल.

आता नवसाविषयी. देवाजवळ मागू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. संकटात मनुष्य मागणारच. परंतु जागा मोजक्या असतात तेथे 'माझ्या मुलास दे' या मागणीच्या पोटात 'दुसऱ्याच्या मुलास देऊ नको' ही मागणी दडलेली असते, हे ध्यानी घ्यावे. त्याच सभामंडपात, त्याच खांबाशी, दुसरी एक आई हात जोडून उभी असते. दोघींच्या मध्ये देवास उभे करून निवाडा मागणे आम्हांस योग्य वाटत नाही. परीक्षेच्या वेळी चित्त स्थिर राहो, केलेला अभ्यास आठवो, आणि निकाल कसाही लागला तरी घरात एकमेकांस तोंड दाखविण्यास लाज न वाटो, एवढे मागावे. ही मागणी लाख जणांनी केली तरी कोणाचे काही कमी होत नाही.

एक सूचना आमच्या मंडळासही करावीशी वाटते. गणेशोत्सवात आपण गुणवंतांचा सत्कार करतो तो अवश्य करावा. परंतु त्या वर्षी परीक्षेस बसलेल्या सर्व मुलामुलींची नावे त्याच व्यासपीठावरून वाचावी, आणि नारळ प्रत्येकास द्यावा. यशस्वी मुलास त्यामुळे उणेपणा येणार नाही. आपल्या यशात घराचा, गुरूंचा व दैवाचा किती वाटा आहे हे त्यास कळेल, आणि मागे राहिलेल्या मित्राकडे तो बरोबरीच्या नात्याने पाहील.

त्या आजीबाईंस आमचे उत्तर असे: आजी, आपले कोठेही चुकले नाही. आपल्या नातवाचा नवस देवाने नाकारला आणि शेजारच्यांचा स्वीकारला, असे घडलेले नाही. बाक कमी होते व बसावयास योग्य अशी मुले अधिक होती. त्यास हे आपल्या तोंडून सांगा. आम्ही सांगितले तर ते विवेचन होईल. आपण सांगितले तर त्याच्या जिवास आधार होईल.