फेअर, ज्यूस्त आणि रास्त

इंग्रजीतील 'फेअर' हा शब्द मुलांच्या तोंडी असतो, न्यायाधीशाच्या तोंडी असतो आणि खेळातील पंचाच्या तोंडी तर असतोच असतो. आकाश निरभ्र असले तर ते 'फेअर', केस सोनेरी असले तर तेही 'फेअर', आणि विद्यार्थ्याचे काम जेमतेम असले तर त्यावरही 'फेअर' असाच शेरा. आम्हां कारकुनांचे अर्धे आयुष्य कच्चा मसुदा 'फेअर' करण्यात जाते, हे वेगळेच. अशा शब्दावर फ्रेंच पोशाख चढवू लागले की तो एका अंगरख्यात मावत नाही. हवेला 'बो' म्हणावे लागते, केसांना 'ब्लों', कांतीला 'क्लेर', जेमतेम कामाला 'पासाब्ल', वागणुकीला 'ल्वायाल', वेतनाला 'ज्यूस्त' आणि न्यायालयातील सुनावणीला 'एकिताब्ल'. जत्रा या अर्थाचा 'फेअर' मुळातच निराळा. तो लॅटिन 'फेरिया'पासून आलेला असून फ्रेंचमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'फ्वार' सुखाने नांदतो आहे. त्याचा कोणास उपद्रव नाही.

बाकीच्या अर्थांची वाटणीही बिनबोभाट होते. घोडे अडते ते नैतिक अर्थापाशी. खाऊ कमी मिळाला म्हणून रुसलेले इंग्रज मूल जे 'फेअर नाही' म्हणून सांगते, ते फ्रेंच मूल 'ज्यूस्त नाही' म्हणून सांगते. म्हणजे न्यायदेवतेच्या नावातला शब्दच ते खाऊच्या वाटणीसाठी उतरवून घेते. इंग्रजीत न्याय आणि 'फेअर'पणा यांची घरे वेगळी. फ्रेंच मुलाला ती सोय नाही. मात्र यावरून फ्रेंच शब्द एकसुरी आहे असे कोणी समजू नये. बेरीज बरोबर आली तर ती 'ज्यूस्त', गवयाचा सूर नेमका लागला तर तो 'ज्यूस्त', आणि पायात घट्ट होणारा जोडाही 'ज्यूस्त'! फ्रेंच कल्पनेच्या मुळाशी नेमकेपणा आहे. 'फेअर' हा जुन्या इंग्रजीत सुंदर या अर्थाचा शब्द. डाग नसलेले ते 'फेअर', आणि त्यातूनच पुढे खोट नसलेले ते 'फेअर'. एकीकडे माप, दुसरीकडे निर्मळपणा. दोन भाषा एकच गुण दोन वेगळ्या खिडक्यांतून पाहतात.

खेळाच्या बाबतीत फ्रेंचांनी 'फेअर-प्ले' हा शब्द जसाच्या तसा उचलला. 'फ्रां-ज्यो' असा शासनमान्य पर्याय आहे, पण परक्या शब्दाची सद्दी त्याने संपलेली नाही. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की हा गुणच मुळी इंग्रजांचा. इतरांनी तो उसना आणला. ॲना व्हिएझ्बित्स्का या पोलिश वंशाच्या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'फेअर'ला इतर भाषांत तंतोतंत प्रतिशब्द नाही आणि त्यामागे इंग्रजी संस्कृतीची एक खास दृष्टी आहे, असे प्रतिपादन केले. प्रतिशब्द नाही, हे आम्हांस मान्य आहे. गुणही नाही, हे मान्य होण्याजोगे नाही. 'रडीचा डाव' म्हणताच विटीदांडू खेळणाऱ्या कोणत्याही मराठी मुलाला जे कळते, ते कळण्यासाठी त्याला इंग्रजी शिकावे लागत नाही. आणि ज्यांनी हा शब्द जगभर नेला, त्यांनी त्याच गलबतांतून आणखीही पुष्कळ काही नेले, हे आपल्याला विसरता येत नाही.

परंतु शब्द नसण्याचा काहीच परिणाम होत नाही, असेही नव्हे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९५८ च्या एका लेखात आणि पुढे १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात न्याय म्हणजे 'फेअरनेस' अशी मांडणी केली. समाजात आपण श्रीमंत असू की गरीब, धडधाकट की पंगू, हे ठाऊक नसताना सर्वांनी मिळून जे नियम पत्करले असते, ते नियम न्याय्य, असा तिचा गाभा. १९८७ साली कातरीन ओदार यांचे फ्रेंच भाषांतर आले आणि त्यात 'फेअरनेस'च्या जागी 'एकिते' हा शब्द बसला. दुसरा कोणता बसवणार? 'ज्यूस्त'कडे जावे तर न्याय म्हणजे न्याय्यपणा, असे वर्तुळ होते. 'ल्वायोते' म्हणावे तर तो माणसाचा गुण झाला, व्यवस्थेचा नव्हे.

पण 'एकिते'च्या मागे ॲरिस्टॉटल उभा आहे. कायदा सर्वांसाठी एक असल्यामुळे एखाद्या प्रसंगी तो चुकतो. तेथे न्यायाधीशाने त्याला मुरड घालावी, हा त्याचा विचार. त्यासाठी त्याने लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. म्हणजे 'एकिते' कायद्यानंतर येते, अपवाद म्हणून. रॉल्सचा 'फेअर'पणा कायद्याच्या आधी येतो, नियम ठरण्याच्या क्षणी, आणि पुढे कोणासाठी वाकत नाही. क्रांतिपूर्व फ्रान्समध्ये 'पार्लमां' नावाच्या न्यायालयांच्या 'एकिते'पासून देवच वाचवो, अशी म्हणच पडली होती, कारण तिचा व्यवहारातला अर्थ न्यायाधीशाची लहर असा झाला होता. असा पूर्वेतिहास असलेला शब्द हाती घेऊन फ्रेंच वाचक रॉल्सकडे जातो. भाषांतर चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. वाचकाला निम्मी वाट उलटी चालावी लागते, एवढेच म्हणू.

जेथे दोन्ही पाठ सारखेच अधिकृत असतात, तेथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १९५० साली रोम येथे झालेल्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या सहाव्या कलमात इंग्रजीत सुनावणी 'फेअर' आहे आणि फ्रेंचमध्ये ती 'एकिताब्ल' रीतीने व्हावयाची आहे. आरोपी त्याच करारावर उभा असतो, मग त्याच्या वकिलाने पान कोणत्याही भाषेतले उघडो. परकीय गुंतवणुकीच्या करारांत तर इंग्रजीत 'फेअर' आणि 'इक्विटेबल' ही जोडी एकत्र येते. तेथे 'एकिताब्ल' दुसऱ्याला देऊन टाकल्यामुळे 'फेअर'ला मुकाट्याने 'ज्यूस्त' व्हावे लागते.

एका बाबतीत मात्र फ्रेंचांची अडचण हेच त्यांचे भाग्य. गोरेपणाला आणि न्याय्यपणाला त्यांच्याकडे एक शब्द नाही. आपल्याकडील इंग्रजी विवाहविषयक जाहिरातींत 'फेअर' वधू मागताना कोणालाही काही खटकत नाही. एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून हा शब्द गळण्यास २०२० साल उजाडावे लागले.

मराठीने 'फेअर प्राइस शॉप'ला 'रास्त भावाचे दुकान' म्हटले. फारसीतून आलेला हा 'रास्त' मुळात सरळ या अर्थाचा. हिंदी पाटीवर तेच दुकान 'उचित मूल्य' देते. 'इक्विटेबल'साठी मात्र आपण 'समन्यायी' हा शब्द घडवला, आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानंतर समन्यायी पाणीवाटप हे शब्द वर्तमानपत्रांत रुळले. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याची वेळ आली, की नाशिक-नगरचा शेतकरी हे रास्त नाही म्हणतो आणि मराठवाड्यातला शेतकरी समन्यायाकडे बोट दाखवतो. इंग्रजीत दोघांनाही 'फेअर' म्हणूनच भांडता आले असते.