कुंजरस्नान : हत्तीला हसण्याआधी

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, सहावा स्कंध, पहिला अध्याय. परीक्षित राजाचा प्रश्न आणि शुकाचार्यांचं उत्तर.

आधी प्रसंग थोडक्यात. पाचव्या स्कंधाच्या शेवटी नरकांचं वर्णन येतं. ते ऐकून राजा विचारतो, यातून माणूस सुटणार कसा? शुकाचार्य म्हणतात, मरण यायच्या आत प्रायश्चित्त करावं. वैद्य जसा रोग लहान की मोठा हे बघून औषध देतो, तसं पाप बघून प्रायश्चित्त. राजाचं काही समाधान होत नाही. तो म्हणतो, माणसाला कळत असतं की हे पाप आहे. परिणाम डोळ्यांनी पाहिलेले असतात, कानांनी ऐकलेले असतात. तरी तो पुन्हा तेच करतो. मग असल्या प्रायश्चित्ताचा उपयोग काय? हे तर हत्तीच्या आंघोळीसारखं झालं.

हत्ती पाण्यात मनसोक्त डुंबतो, स्वच्छ होतो, आणि काठावर आला की सोंडेनं धूळ उचलून स्वतःच्याच अंगावर उडवतो. यालाच आपल्याकडं कुंजरस्नान म्हणतात.

हा दृष्टांत मी किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही. सांगायला सोपा आणि हमखास हशा. मागच्या मे महिन्यात इथं सोलापुरात मित्राच्या गच्चीवर आमचा सत्संग होता. सूर्य मावळला तरी गच्चीची फरशी पायाला चटके देत होती. मी अगदी सोंड हलवायचा अभिनय करून सांगितलं, "एकादशीला उपास आणि द्वादशीला पुन्हा आपलं जुनं चालू. आपण सगळे हत्तीच! डोकं एवढं मोठं, पण अक्कल?" सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

सत्संग संपल्यावर पशुवैद्यकी शिकणारी एक मुलगी मागं थांबली. म्हणाली, "दादा, एक विचारू? दुपारी बाहेर पडताना तुम्ही काय करता?"

"तोंडाला रुमाल बांधतो. सनस्क्रीन लावतो."

"आंघोळ झाल्यावरच ना?"

"हो."

"मग हत्ती वेगळं काय करतो?"

मी गप्प झालो.

तिनं समजावून सांगितलं. हत्तीच्या अंगावर केस विरळ. आपल्यासारखा अंगभर घाम येऊन त्याचं शरीर थंड होत नाही. कातडी जाड दिसते म्हणून आपण 'गेंड्याची कातडी'सारखं काहीतरी समजतो, पण त्याच कातडीवर बसलेली माशी हत्तीला कळते. ओल्या अंगावर धूळ किंवा चिखल बसला की ऊन थेट लागत नाही, कीटक चावत नाहीत आणि सुरकुत्यांमध्ये ओलावा टिकतो. म्हणजे धूळ उडवणं हा त्या आंघोळीचाच पुढचा भाग. आपल्याकडं म्हैस चिखलात बसली तर शेतकरी तिला वेडी म्हणत नाही, कारण त्याला म्हैस माहीत असते. आपल्याला हत्ती माहीत नाही. फक्त दृष्टांतातला हत्ती माहीत आहे.

मग मीच विचारलं, आणखी काय काय चुकीचं सांगतो मी? त्या संध्याकाळी बरंच निघालं. त्यातल्या तीन गोष्टी तुम्हाला सांगतो, कारण त्या माझ्या मनातून अजून गेलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट डोलण्याची. लहानपणी आमच्या गल्लीत कधीतरी हत्ती यायचा. लोक नारळ द्यायचे, केळी द्यायचे, लहान पोरांना त्याच्या पोटाखालून न्यायचे. उन्हानं डांबर मऊ झालेलं असायचं आणि तो तिथंच उभा राहून एका लयीत डोलायचा. डावीकडं, उजवीकडं. आजी हात जोडून म्हणायची, "बघ, नाम ऐकू येतंय त्याला. कसा डोलतोय!" आजीचा भाव खरा होता, यात मला शंका नाही. पण तेच वाक्य मी मोठा झाल्यावर प्रवचनात वापरलं. "मुका प्राणी नामात डोलतो आणि आपण मोबाईल बघतो."

खरं असं आहे की बांधून ठेवलेला, एकटा पडलेला हत्ती तासन्‌तास तीच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतो. मान हलवणं, अंग झुलवणं. हे कोंडलेपणाचं, ताणाचं लक्षण आहे. जंगलातला हत्ती दिवसातला बराचसा वेळ चालतो आणि खातो. कळपात एकमेकांना सोंडेनं स्पर्श करतो. त्याला जागेवर उभं केलं की त्या शरीरात साठलेलं सगळं चालणं कुठं जाणार? ते असं डोलत राहतं. हत्तीचा पाय आपण खांबासारखा समजतो, पण टाचेखाली चरबीची मऊ गादी असते आणि जमिनीतली कंपनंही त्याला त्या पायातून जाणवतात. आपल्याला ऐकू येणार नाहीत इतक्या खालच्या आवाजात हत्ती एकमेकांशी बोलतात. केटी पेन या संशोधिकेला हे 1984 मध्ये अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभं असताना जाणवलं. असल्या कानांचा प्राणी ढोल आणि डीजेच्या मधोमध उभा केला, तर त्याला नाम ऐकू येत असेल की आणखी काही, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट मदाची. षड्रिपूंमधला मद आणि हत्तीचा मद, संस्कृतात शब्द एकच. म्हणून आपण सरळ म्हणून टाकतो, मदोन्मत्त हत्तीसारखा अहंकारी. प्रौढ नर हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून साधारण वर्षातून एकदा स्राव वाहतो. रक्तातलं नर-संप्रेरक कित्येक पटीनं वाढलेलं असतं. काही आठवडे, कधी काही महिने हे चालतं आणि ओसरतं. त्या काळात तो खरंच धोकादायक असतो, त्याच्या जवळ जाऊ नये. पण त्यात गर्व कुठं आला? तो त्याच्या शरीराचा ऋतू आहे. आपला मद मात्र बारमाही असतो, त्याला ऋतू नाही आणि त्याचा स्राव गालावर दिसतही नाही.

तिसरी गोष्ट अश्रूंची. ही सांगायला मला जड जातं.

2025 चा जुलै आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं नांदणी, तिथला जैन मठ आणि तिथली महादेवी हत्तीण, लोकांची लाडकी माधुरी. तीस वर्षांहून जास्त काळ ती मठात होती. मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला आणि महिनाअखेरीस ती गेली. निरोपाला गाव लोटलं. नंतर नांदणी ते कोल्हापूर हजारो लोक पायी चालत गेले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतानाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी तो चार ग्रुपवर पाठवला. वर लिहिलं, "बघा, तिला जायचं नाही."

त्याच व्हिडिओवर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, "बघा, तिला किती यातना झाल्यात." पाणी तेच, अर्थ ज्याचा त्याचा.

आपल्या डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं. हत्तीला ती नळी नसते. त्यामुळं डोळ्यातला ओलावा गालावरून ओघळतो, रोजच ओघळतो. त्या ओघळावरून तिच्या मनातलं मला काही कळणार नव्हतं. हत्तीला दुःख होत नाही असं मी म्हणत नाही. कळपातला हत्ती मेला तर बाकीचे त्याच्याजवळ थांबतात, पुढं कधी हाडं दिसली तरी सोंडेनं हळूच चाचपून बघतात. त्याचं दुःख मोठंच असेल. पण ते वाचायची लिपी मी शिकलो नव्हतो आणि तरी वाचून दाखवलं.

नांदणीच्या लोकांचं प्रेम खोटं होतं असं कुणी म्हणू नये. तिच्या पायांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याच्या नोंदी न्यायालयापुढं आल्या, त्याही डोळ्याआड करू नयेत. कोण बरोबर, हा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मी माझ्याविषयी बोलतोय. त्या आठवड्यात मी तिच्याविषयी भरपूर बोललो आणि तिच्याविषयी एक ओळही वाचली नाही.

आता पुन्हा भागवताकडं या. राजाच्या प्रश्नाला शुकाचार्य काय उत्तर देतात? ते हत्तीची बाजू घेत नाहीत आणि राजाला रागावतही नाहीत. ते राजाचं म्हणणं मान्य करतात. म्हणतात, कर्मानं कर्म मुळातून जात नाही, कारण करणारा अज्ञानीच राहतो. खरं प्रायश्चित्त म्हणजे विमर्श. नीट विचार, नीट जाणून घेणं. लगेच पुढं पथ्याचा दाखला देतात : पथ्यानं जेवणाऱ्याला रोग गाठत नाही. आणि त्याही पुढं भक्तीची गोष्ट येते, सूर्य उगवला की धुकं राहत नाही तशी.

मला आधी वाटायचं, विमर्श म्हणजे डोळे मिटून आत्मचिंतन. आता वाटतं, कधीकधी तो डोळे उघडून करायचा असतो. हत्तीला चार केळी दिली, हात जोडले, व्हिडिओ पुढं पाठवला, दोन अश्रू काढले की मला हलकं वाटायचं. हे माझं प्रायश्चित्त. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच तापलेला रस्ता, तोच डोलणारा हत्ती आणि मीच हात जोडून उभा. अज्ञान जागच्या जागी. परीक्षितानं सांगितलेली आंघोळ ती हीच. हत्ती धूळ उडवतो तेव्हा त्याला कळत असतं तो काय करतोय. मला कळत नव्हतं.

म्हणून दृष्टांत टाकून द्यायचा का? नाही. व्यासांना प्राणिशास्त्र शिकवायचं नव्हतं, आणि राजाचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. दृष्टांत सांगावा, फक्त हसायचं ते स्वतःला.

आणि संतांनी हत्तीकडं डोळे उघडे ठेवून पाहिलंच आहे. तुकोबाराय देवाकडं लहानपण मागतात तेव्हा ऐरावताचं थोरपण सांगतात, आणि त्याला टोचणारा अंकुशही विसरत नाहीत. आठव्या स्कंधातला गजेंद्र आठवा. तिथं तो कळपाचा नायक आहे. जंगलात कळप चालवते ती एखादी वयस्क हत्तीण, प्रौढ नर बहुधा एकटे फिरतात. पण त्या कथेतली एक गोष्ट बघा. मगरीनं पाय धरल्यावर बाकीचे हत्ती त्याला सोडवायला धडपडतात, हत्तिणी आक्रोश करतात. त्यांना एकमेकांचं दुःख कळतं, हे भागवताला माहीत होतं. सगळी ताकद संपल्यावर तो सोंडेत कमळ धरून हाक मारतो आणि भगवंत धावत येतात. तिथं मिरवणूक नव्हती, बघायला गर्दी नव्हती. पाय अडकलेला एक हत्ती होता, एवढं देवाला पुरलं.

आजचा संकल्प छोटा ठेवू. रस्त्यात हत्ती दिसला तर केळी द्यायच्या आधी दोन मिनिटं त्याचे पाय बघायचे, तो कुठल्या जमिनीवर उभा आहे ते बघायचं. मुक्या प्राण्याचा व्हिडिओ आला तर त्याच्या मनातलं आपण लिहायचं नाही. आणि ज्या कुणाला आज दृष्टांत म्हणून वापरणार असू, प्राणी असो, शेजारी असो की घरातलं माणूस, त्याच्याविषयी एक खरी गोष्ट आधी जाणून घ्यायची.

त्या मुलीला मी पुढच्या सत्संगात बोलायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "दादा, मला प्रवचन नाही येत." मी म्हटलं, "त्या दिवशी केलंस की."

राम कृष्ण हरी!