दारात बसलेले शहाणपण



शहाणपण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाड पुस्तके, पदव्या आणि नागपूर-पुण्याला शिकलेली माणसे उभी राहतात. “आम्ही अडाणी, आम्हाला काय कळते?” हे आपल्या घरांतून किती सहज बोलले जाते! पवित्र शास्त्र मात्र वेगळे सांगते. जुन्या करारातील ज्ञानग्रंथाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे, जो पहाटे उठून शहाणपणाच्या शोधात निघतो त्याला फार चालावे लागत नाही. ते त्याच्या दारापाशीच बसलेले त्याला दिसते.

इतके जवळ असूनही ते आपल्याला सापडत का नाही? याचे उत्तर नाझरेथच्या सभास्थानात मिळते. प्रभू येशूचे शब्द ऐकून गावकरी थक्क झाले. पण लगेच त्यांना आठवले की हा तर सुताराचा मुलगा, याची आई, याचे भाऊबंद आपल्या ओळखीचे. तिथेच त्यांचे कान बंद झाले. पिकते तिथे विकत नाही, असे आपण म्हणतो. परमेश्वराचे शहाणपण नाझरेथला अवघड होते म्हणून नाकारले गेले नाही, ते घरचे होते म्हणून नाकारले गेले.

राजा शलमोनाला परमेश्वराने हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने धन किंवा दीर्घायुष्य मागितले नाही. त्याने जे मागितले त्यासाठीच्या मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘ऐकणारे अंतःकरण’ असा होतो. म्हणजे शहाणपणाची सुरुवात बोलण्यापासून नाही, तर ऐकण्यापासून होते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी तर ‘दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी’ हा सुज्ञतेचा एक भागच मानला. त्यांचे कारण साधे आहे. सुज्ञतेचा संबंध प्रत्यक्ष कृतीशी असतो आणि कृतीच्या वेळी परिस्थिती इतक्या तऱ्हेच्या असतात की एकट्या माणसाला त्यांच्या सगळ्या बाजू दिसू शकत नाहीत. म्हणून कितीही शिकलेला माणूस या बाबतीत स्वतःला पुरेसा नसतो.

आपल्या मराठी भाषेतील दोन ग्रंथ याची साक्ष देतात. जन्माने इंग्रज असलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. नवख्रिस्ती श्रोत्यांना आपल्या भाषेत पुराण हवे होते. फादरांनी ती मागणी ऐकली आणि तारणाचा इतिहास ओवीत आणला. दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. विनोबा भावे यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि मिळालेले मराठी भाषांतरही तिला कठीण वाटले. तूच सोपे करून का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले. आई 1918 साली गेली. पण तो प्रश्न विनोबा विसरले नाहीत. 1930-31 मध्ये वर्ध्यात त्यांनी ‘गीताई’ लिहिली. दोन्ही ठिकाणी विद्वानाने साध्या माणसाचे म्हणणे कानाआड केले नाही, म्हणून ज्ञान घराघरात पोहोचले.

आपल्या तळेगावच्या भागात शहाणपणाची परीक्षा मृगाच्या तोंडावर होते. कपाशी किती, सोयाबीन किती, कर्ज कुठून काढायचे, मुलीच्या लग्नात मांडव केवढा घालायचा? घरातली बाई वर्षभर निंदण करते, कापूस वेचते, दुकानातल्या उधारीचा हिशेब तोंडपाठ ठेवते. पण कर्जाचा कागद कितीतरी घरांत तिला दाखवला जात नाही. म्हातारे वडील खाटेवरून काही सांगू लागले तर “तुम्ही गप्प बसा” म्हणून आपण मोकळे होतो.

2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील शेतकऱ्यांसाठी जे पॅकेज जाहीर केले, त्यातील सहा जिल्ह्यांत आपला वर्धा होता. कोणत्या दुःखामुळे ही वेळ आली हे आपल्याला ठाऊक आहे. कोणी म्हणेल, “फादर, शहाणपणाने कर्ज फिटते का? भाव पडला, पाऊस दडून बसला, तर बायको काय करणार?” हे खरे आहे. शहाणपणाने कर्ज फिटत नाही, आणि जे गेले त्यांना शहाणपण नव्हते असे म्हणणे हे पाप होईल. पण लपवलेला आकडा माणसाला एकटे पाडतो. तोच आकडा घरात सांगितला तर तो कमी होत नाही, पण तो उचलायला दोन-चार हात येतात. काय विकायचे, काय पुढे ढकलायचे, कोणाशी बोलायचे, हे मिळून ठरवता येते. परमेश्वराचे साहाय्य बहुधा अशाच ओळखीच्या आवाजात येते.

म्हणून या आठवड्यात एक करू या. रोजरी झाल्यावर लगेच टीव्ही लावू नये. घरातील ज्या माणसाला आपण कधीच विचारत नाही, मग ती पत्नी असो, म्हातारी आई असो वा शाळकरी लेकरू, त्याला घरातला एक खरा प्रश्न विचारावा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नये. ज्यांना घरात सांगणे जड जाते त्यांनी मिस्सानंतर आमच्याकडे यावे. दिवसा-रात्री केव्हाही आले तरी चालेल.

ऐकणारे अंतःकरण पवित्र आत्मा आपणा सर्वांना देवो, ही प्रार्थना.