कर्ता कोण?

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ खुले झाले आणि पहिल्याच दिवशी कोलमडले. त्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले अवघे सहा जण.

बांधणी बाहेरच्या कंपन्यांकडे होती. संसदीय समितीपुढे सीजीआय फेडरलने आपला भाग मांडला, क्यूएसएसआयने आपला. संपूर्ण यंत्रणेची सलग चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच झाल्याचेही तिथेच उघड झाले. मग बिघाड कोणाचा?

भगवद्गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे मोजतो: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धी तिथे अपक्व ठरते. कंत्राटदारांना हा आधार फार सोयीचा वाटेल. तरीही तो गैरलागू आहे. गीता कर्तेपणाचा अभिमान सोडायला सांगते आणि त्याच अध्यायात नियत कर्म टाकून देण्याला तामस त्याग म्हणते. आजारपणात विम्यासाठी ताटकळणाऱ्या माणसाला पाच कारणांची यादी देऊन कसे चालेल?

आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी महिनाअखेरीस त्याच समितीपुढे जबाबदारी स्वतःवर घेतली. ते योग्यच झाले. सगळे तुकडे एकत्र जुळवण्याचे काम सरकारी यंत्रणेने मुळात कोणाला दिलेलेच नव्हते. ते तिने स्वतःकडे ठेवले होते.